बाजार उठल्यावर

एरिक रेमंडचा ‘द कॅथेड्रल अँड द बझार’ हा निबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. होस्टेलवर, रात्री दोन वाजता, फोनवर, एका बैठकीत. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवरचं विंडोज उडवलं आणि उबुंटू टाकलं. वायफायचा ड्रायव्हर चालेना म्हणून चार दिवस नेटविना काढले, आणि त्या चार दिवसांचाही अभिमान वाटला.

यंदा जूनमध्ये सुट्टी घेऊन भंडाऱ्याला आलो होतो. आठवडी बाजारातून पिशव्या घेऊन घरी आलो, पंख्याखाली पडलो आणि सहज म्हणून तोच निबंध पुन्हा उघडला. या वेळी मध्येच थांबलो. मनात आलं, या माणसानं बाजार चालू असताना पाहिलाय, पण बाजार उठल्यावर तिथं काय उरतं ते पाहिलेलं नाही.

हा लेख त्या थांबण्याबद्दल आहे.

*

निबंध वाचला नसेल तर थोडक्यात सांगतो. मे १९९७ मध्ये जर्मनीतल्या वुर्झबर्ग गावी लिनक्सवाल्यांच्या संमेलनात रेमंडनं तो पहिल्यांदा मांडला. त्यात सॉफ्टवेअर बनवण्याच्या दोन रीती आहेत. एक कॅथेड्रलची: मोजके निष्णात कारागीर दार लावून काम करतात आणि घडवून झाल्यावरच लोकांना दाखवतात. दुसरी बाजाराची: कच्चं असतानाच सगळं उघड्यावर मांडायचं, येईल त्याला हात लावू द्यायचा, रोज बदल करायचे. लिनक्स दुसऱ्या रीतीनं वाढलं. रेमंडनं तीच रीत मेल उतरवून घेणाऱ्या स्वतःच्या ‘फेचमेल’ या छोट्या प्रोग्रॅमवर वापरून पाहिली आणि त्या अनुभवातून एकोणीस धडे काढले.

यात अनेकांचा एक गैरसमज होतो, माझाही झाला होता. कॅथेड्रल म्हणजे मायक्रोसॉफ्ट असं आपण धरून चालतो. पण रेमंडच्या डोळ्यांसमोर प्रामुख्यानं रिचर्ड स्टॉलमनच्या जीएनयू प्रकल्पाची रीत होती. म्हणजे १९८३ साली ज्यानं मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली, त्याच्याच घरावर ही टीका होती. भांडण भावकीतलं होतं.

निबंधाचा परिणाम मोठा झाला. जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केप कंपनीनं आपल्या ब्राउझरचा कोड खुला करायचं ठरवलं, तेव्हा या निबंधाचा प्रभाव उघडपणे मान्य केला. त्याच कोडच्या वंशातून पुढे फायरफॉक्स आला. पुढच्याच महिन्यात ‘ओपन सोर्स’ हा शब्द ठरला. १९९९ मध्ये निबंध पुस्तकरूपात आला.

त्याचं मोठेपण मी आजही नाकारत नाही. तालुक्याच्या गावातून आलेल्या, इंग्रजी बोलताना घाम फुटणाऱ्या पोराला तो सांगत होता की इथं ओळख लागत नाही, शिफारस लागत नाही, फी लागत नाही. चूक सापडली? दुरुस्त कर आणि पाठव. कॅम्पस प्लेसमेंटच्या रांगेत टाय बांधून उभं राहण्यापेक्षा हे आमंत्रण फार मोठं होतं. आपला प्रोग्रॅम वापरणारा माणूस हाच आपला सहकारी, हे रेमंडचं म्हणणंही लाखमोलाचं आहे. त्याची भाषा सरळ आहे, स्वतःच्या कामातले दाखले आहेत, आणि आपण चुकू शकतो हे तो कबूल करतो.

खोट प्रतिमेत आहे. टीका करायची तर तिथूनच करायला हवी, कारण लोकांच्या लक्षात निबंध राहिला नाही, प्रतिमा राहिली.

*

रेमंडचा बाजार म्हणजे कलकलाट. हजार लोक, हजार मतं, आणि त्यातून चमत्कारानं एक धड वस्तू तयार होते. आपल्याकडच्या बाजारात लहानपणापासून फिरलेल्या माणसाला हा चमत्कार वाटत नाही. त्याला ठाऊक असतं की वांगीवाल्या मावशीची जागा वर्षानुवर्षं ठरलेली आहे. तिथं दुसरं कोणी पथारी पसरली तर शब्दावर शब्द वाढतो. पावती फाडणारा सकाळी येऊन जातो. सुकी मच्छी कुठं, मोहाची फुलं कुठं, बी-बियाणं कुठं, सगळं ठरलेलं. कलकलाट वरवरचा असतो, त्याच्या खाली कायदा असतो. नवख्याला तो दिसत नाही एवढंच.

आणि संध्याकाळी बाजार उठतो. मागं राहतात कोबीची पानं, सडके टमाटर, फाटक्या पन्न्या आणि त्यावर तुटून पडणारी जनावरं. दुसऱ्या दिवशी पहाटे झाडूवाल्या बाया येतात. एकोणीस धड्यांत या बायांना जागा नाही. मन लावून काम करणारा माणूस कंटाळला तर त्यानं ते लायक वारसाकडे सोपवावं, असा एक धडा आहे खरा. पण वारस सापडलाच नाही तर काय, यावर निबंध गप्प आहे.

निबंधातलं सगळ्यात गाजलेलं सूत्र डोळ्यांचं आहे. बघणारे पुरेसे असले की कुठलीही चूक कोणाला ना कोणाला सोपी वाटते आणि पकडली जाते, असं ते सांगतं. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स याच्या नावानं रेमंडनं त्याला ‘लिनसचा नियम’ म्हटलं.

आता एप्रिल २०१४ आठवा. ‘हार्टब्लीड’ नावाची चूक उघड झाली. ती होती ओपनएसएसएलमध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या कुलुपाच्या चिन्हामागं जगभरातले असंख्य सर्व्हर जे वापरत होते त्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये. मार्च २०१२ पासून ती चूक उघड्यावर पडून होती. कोड कोणीही वाचू शकत होतं. दोन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. नंतर कळलं की त्या प्रकल्पावर पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता आणि देणग्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलरच्या घरात. डोळे अब्जावधी होते, पण ते सगळे कुलुपाच्या चिन्हाकडे बघत होते, कुलुपाच्या आत कोणी बघत नव्हतं.

दुसरी गोष्ट मार्च २०२४ ची. एक्सझेड हे फाइली आकुंचित करणारं साधन जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. लासे कोलिन नावाचा एक माणूस ते वर्षानुवर्षं सांभाळत होता. हे बिनपगारी, छंदाचं काम आहे आणि आपल्याला पूर्वीसारखा वेळ देता येत नाही, असं त्यानं २०२२ मध्ये मोकळेपणानं सांगितलं होतं. काही खात्यांवरून त्याच्यामागं तगादा लागला की काम हळू चाललंय, दुसऱ्याला हात लावू द्या. ‘जिया टॅन’ या नावाची एक व्यक्ती मदतीला आली. तिनं दोनेक वर्षं मन लावून काम केलं, विश्वास मिळवला, अधिकार मिळवले आणि मग आत चोरदरवाजा बसवला. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरनं. सर्व्हरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे त्याला खटकलं म्हणून.

या प्रकरणातून लिनसचा नियम खरा ठरला, असं म्हणणारे लोक आहेत. शेवटी कोणीतरी बघितलंच ना! मला हे बोलणं दरोडा टळला तो कुत्रं भुंकलं म्हणून, आता पहारेकरी कशाला, अशा थाटाचं वाटतं. थकलेल्या एकट्या माणसाला मदतीच्या नावाखाली बाजूला सारता आलं, हा या गोष्टीचा गाभा आहे. बाजाराच्या प्रतिमेत थकवा बसत नाही. बाजारात एक दुकानदार उठला की दुसरा बसतो.

*

रेमंडला हा प्रश्न दिसला नव्हता असं नाही. पुढच्या दोन निबंधांत तो त्याच्या जवळ येतो आणि दोन्ही वेळा जमिनीची उपमा घेतो. एकात तो म्हणतो की मुक्त सॉफ्टवेअरमधली मालकी ही पडीक जमिनीवर पहिल्यांदा नांगर फिरवणाऱ्याच्या मालकीसारखी असते. दुसऱ्यात तो गायरानाची गोष्ट उलटी करतो. सामाईक कुरणावर जो तो गुरं सोडतो आणि कुरण उजाड होतं, ही जुनी भीती. सॉफ्टवेअरचं गवत मात्र चरल्यानं उलट उंच वाढतं, असं तो म्हणतो.

अर्धं खरं आहे. माझा फोन लिनक्सवर चालला म्हणून तुमच्या फोनातलं लिनक्स कमी होत नाही. पण गवत चरल्यानं संपत नाही म्हणजे त्याची निगा लागत नाही, हे कुठून आलं?

इथं मला भंडाऱ्याचा माणूस म्हणून बोलावंसं वाटतं. आमचा जिल्हा तलावांचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून सहा हजारांहून जास्त जुने मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून यातले बरेच तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. जमिनीचा उतार ओळखून मातीची पाळ घालायची, पाणी सोडायला तुडुम ठेवायचं, जास्तीच्या पाण्याला सांडवा द्यायचा. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात, त्याचा पुढच्या बोडीत. धान निसवायच्या वेळी, सप्टेंबर-ऑक्टोबरात पावसानं दगा दिला की हेच पाणी पीक तारतं.

या साखळीकडे मी आता इंजिनिअर म्हणून बघतो तेव्हा मला सॉफ्टवेअरची साखळी दिसते. तुमचं ॲप एका लायब्ररीवर उभं, ती दुसरीवर, दुसरी तिसरीवर. अगदी वर कुठंतरी एक छोटी बोडी असते आणि तिची पाळ एकच माणूस सांभाळत असतो. ती फुटली की खालचं सगळं वाहून जातं.

तलावाचं पाणी वापरल्यानं तलाव खराब होत नाही. तो खराब होतो गाळानं. गाळ कोणाच्या लोभामुळं येत नाही, दर पावसाळ्यात आपोआप येतो. प्रोग्रॅमही असाच गाळानं भरतो. फोन बदलतात, प्रोसेसर बदलतात, युनिकोडची नवी आवृत्ती येते, आणि हात न लावलेला कोड जागच्या जागी जुना होतो. रेमंडच्या कुरणात गुरं आहेत, गवत आहे. पावसाळा नाही.

आमचे आबाजी सांगायचे, मृगाच्या आधी घरटी एक माणूस पाळीवर जायचा. झाडीबोलीत ते पाळीला ‘पार’ म्हणत. “पार फुटली त मालगुजाराचा वाडा नाही वाहून जात बाबू, आपले धान वाहून जाते,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यात निगा आहे आणि रागही आहे. कारण ते दिवस सोन्याचे नव्हते. मालगुजार म्हणजे सारा वसूल करणारा जमीनदार. कोणाचं श्रमदान आणि कोणाची बेगार, हे जातीवर ठरायचं. मासे धरणारा ढिवर आणि पाणी वळवणारा मोठा शेतकरी यांचा तलावावरचा हक्क सारखा नव्हता.

१९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. मालगुजारी संपायलाच हवी होती. तलाव सरकारचे झाले, पुढे जिल्हा परिषदेकडे आणि पाटबंधारे खात्याकडे आले. पण पाळीवर जायची रीत कोणत्याच दप्तरात नोंदली नव्हती, म्हणून ती कोणाकडेच हस्तांतरित झाली नाही. मालक गेला, वापरणारे राहिले, राखणारं कोणी उरलं नाही. तलाव उथळ होत गेले, पोटात बेशरम वाढली.

मुक्त सॉफ्टवेअरचंही जवळपास हेच झालं. स्टॉलमन आणि मंडळींनी मालकी मोडली, ते योग्यच केलं. रेमंडनं सांगितलं, आता काळजी नको, बाजार सांभाळून घेईल. मधल्या काळात नवे मालगुजार आले. मोठमोठ्या कंपन्या तलावाच्या तोंडाशी बसल्या. त्यांच्या कामाचं पाणी ज्या तुडुमातून जातं तेवढ्याची त्या निगा राखतात. बाकीच्या बोड्या रामभरोसे.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी अभ्यासिकेनं १९९० च्या पुस्तकात स्पेनमधली आणि फिलिपिन्समधली पाटाच्या पाण्याची व्यवस्था तपासून दाखवलं की सामाईक वस्तू शतकानुशतकं टिकू शकते. पण त्यासाठी हद्द ठरलेली हवी, कोणी किती घ्यायचं आणि कोणी किती राबायचं याचे नियम हवेत, आणि ते नियम बनवण्यात वापरणाऱ्यांचा हात हवा. २००९ मध्ये तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. रेमंडनं ऑस्ट्रॉमच्या पाटावरून एक चक्कर मारली असती तर निबंध वेगळा झाला असता.

*

मला हे सगळं का टोचतं, ते सांगायला हवं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक छोटं साधन बनवलं होतं. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असत. फॉन्ट नसेल तर ‘कमळ’ उघडल्यावर इंग्रजी कचरा दिसायचा. शिवाय त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलटं. त्यामुळं नुसती अदलाबदल करून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. मी ते बनवलं, कोड खुला केला आणि रेमंडच्या भरवशावर वाट बघत बसलो.

बाजार भरला. पाचशे-सहाशे लोक वापरू लागले. एका कंपनीनं ते आपल्या विकाऊ ॲपमध्ये घातलं. परवानगी मीच दिलेली होती, त्यामुळं तक्रार नाही. तक्रारी त्यांच्या आल्या. ‘अर्जंट’ असं लिहिलेल्या मेल्स. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलेल्या मेल्स. एकानं लिहिलं, जमत नसेल तर फुकट तरी कशाला देता? मराठीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ असे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द पडतो म्हणून स्टॉलमनला आयुष्यभर खुलासे करावे लागले. आपल्याकडे दोन शब्द असून आपण एकच वापरतो.

दीड वर्षात एकही दुरुस्ती बाहेरून आली नाही. मी उत्तरं देणं बंद केलं. कोड अजून तिथंच होता, उघडा, सगळ्यांसाठी, गाळानं भरत चाललेला.

हा माझ्या एकट्याचा रडका किस्सा असता तर सांगितला नसता. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्याच्यात ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द वेगळे दिसतायत. गुरुजी आणि स्वयंपाकी यांच्यातला हा फरक मराठीला फार महत्त्वाचा. अँड्रॉइडवर हे अक्षर जुळवण्याचं काम करतं ‘हार्फबझ’ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर, मूळचा इराणचा असलेल्या बेहदाद एस्फहबोद यानं मुख्यतः घडवलेलं. आपला ‘हरफ’ आणि त्याचा ‘हार्फ’ एकच. अनेक मराठी वेबसाइटींवर दिसणारा ‘मुक्त’ हा फॉन्ट मुंबईच्या ‘एक टाइप’चा, मुक्त परवान्याचा. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालतोय तो मूठभर लोकांच्या रिकाम्या वेळावर. म्हणजे आपल्या भाषेचं फोनमधलं पाणी याच तलावांतून येतं.

आणि आपली पाळ कोण राखतं? शेजारी बघा. मल्याळम भाषकांची ‘स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग’ ही मंडळी दोन दशकांहून जास्त काळ फॉन्ट, शुद्धलेखन तपासनीस, टंकलेखनाची साधनं एकत्र बसून सांभाळतायत. मराठी बोलणारे मल्याळम बोलणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आहेत आणि पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअरांना तोटा नाही. डोळे पुरेसे आहेत. पाळीवर जायची पाळी कोणाची, ते ठरलेलं नाही.

पैशाची बाजू हळूहळू जागी होतेय. जर्मनीनं २०२२ पासून अशा पायाभूत सॉफ्टवेअरच्या निगेसाठी सरकारी निधी ठेवला. आपल्याकडे झेरोधानं २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. चांगलंच आहे. पण गाळ काढायला जेसीबी मिळाला म्हणून तलाव जिवंत होत नाही. हे आमच्याकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या कामात दिसतं. ढिवर समाजाच्या लोकांसोबत तलावांवर काम करताना त्यांनी बेशरम उपटली, स्थानिक पाणवनस्पती परत लावल्या, देशी मासे परत आणले. कुठल्या तलावात पूर्वी काय उगवायचं, हे मच्छीमारांनाच ठाऊक होतं.

*

जूनच्या त्या सुट्टीत साकोलीच्या एका डीटीपीवाल्या ताईंचा व्हॉट्सॲप आला. त्या माझं साधन तीन वर्षं वापरत होत्या. मी उत्तर देत नसतानाही त्यांनी प्रत्येक चूक वहीत लिहून ठेवली होती. कुठलं अक्षर, कुठल्या फॉन्टमधून, काय व्हायला हवं, काय होतं. एकेचाळीस नोंदी. सोबत लग्नपत्रिकांचे फोटो.

मी गाडी काढून साकोलीला गेलो. त्यांना प्रोग्रॅमिंग येत नाही, पण अक्षरांचा तक्ता ही साधी मजकुराची फाइल आहे. डावीकडे जुनं, उजवीकडे नवं. दोन तासांत त्यांना ती कळली. आम्ही नियम ठरवले, एका पानावर मावतील एवढे. तक्ता त्या बघणार, क्रमाचा कोड मी बघणार. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दोघं बसणार. उत्तराला पंधरा दिवस लागतील असं आधीच लिहून ठेवायचं. ज्या कंपन्या हे विकतात त्यांनी एकतर माणूस द्यावा नाहीतर ताईंच्या तासांचे पैसे द्यावेत, हेही लिहिलं. अजून कोणी दिलेले नाहीत.

फाइल बदलायचे अधिकार आता त्यांच्याकडेही आहेत. त्यांनी केलेली पहिली दुरुस्ती ‘सोयऱ्याधायऱ्यांना’ या शब्दाची होती. तीन वर्षं पत्रिकांवर तो चुकीचा छापला जात होता.